पोसूबायची पालथी टोपली

खाडीवर अजून पूल व्हायचा होता, त्या काळात वाघखारला पोसूबाय नावाची सुईण होती. सगळं गाव मिठागरात राबायचं. बाया डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायच्या, पोटुशी असली तरी सुटका नाही. सातव्या महिन्यात ओटी भरली, की मग मात्र त्या बाईच्या डोक्यावर कुणी ओझं द्यायचं नाही, अशी रीत होती.

पण महिने मोजायचे कुठून? सून सासूला सांगेल त्या दिवसापासून! नव्या सुना लाजऱ्या, दोन-दोन महिने तोंड उघडायच्या नाहीत. सासूच्या हिशोबात पाचवा, तेव्हा खरा सातवा असायचा. मग टोपलीखालीच कळा सुरू व्हायच्या. एवढंसं पोर यायचं, आणि पाचव्यातलं कसलं जगतंय म्हणून कुणी त्याला उबेलाही धरायचं नाही. वर खारदेवीचा कोप म्हणून मोकळे! पोसूबायच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

चांगुणाची दोन पोरं अशीच गेली. तिसऱ्या खेपेला, होळीच्या दिवसांत, ती टोपली उचलायला वाकली तेव्हा पोसूबायनं तिला अडवलं. "शेवटची बाहेर कवा बसलीस?"

"दसऱ्याला," चांगुणा पुटपुटली.

"तिसरा चाललाय तिला," सासू मध्येच म्हणाली.

"पाचवा!" पोसूबाय कडाडली. तिनं टोपली पालथी केली, चांगुणाला तिच्यावर बसवलं आणि तिथंच बांधावर, पदरात बांधून आणलेल्या तांदळांनी तिची ओटी भरली. मग स्वतःही तिच्या शेजारी ठाण मांडून बसली.

मिठागराचा मालक धावत आला. चार गड्यांनी टोपली ओढली, पण ती तसूभर हलली नाही, असं म्हणतात. तेवढ्यात भरती चढली. पाणी मिठागरात घुसलं, मिठाच्या राशी विरघळू लागल्या, पण त्या दोघींच्या पायाला थेंबही शिवला नाही, असं म्हणतात.

"पोसूबाय, ऊठ गो! तू उठलीस तरच पाणी उतरंल!" मालक रडकुंडीला आला.

"मीठ तुजा चाललाय, माजा काय जातंय? पोटुशीचे डोक्यावर ओझा नाय, असा बोल. पयला बोल!"

मालक सगळ्यांदेखत बोलला. मगच पाणी उतरलं.

आषाढात चांगुणाला पोर झालं, चांगलं टणटणीत. त्याच्या रडण्यानं पलीकडच्या तीरावरची कुत्री भुंकायला लागली, असं म्हणतात.

आजही वाघखारला ओटी पाचव्यात भरतात, तीही बांधावर, पालथ्या टोपलीवर बसवून. आधी सासूनं सगळ्यांसमोर विचारायचं, शेवटची बाहेर कवा बसलीस? सुनेनं मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. लाजायचं नाही. पोसूबायची आण आहे.