तांबट आळीतलं बहिरं माणूस

“...आणि ऐकलंत का, आबांच्या दुकानात म्हणे आता बहिरं माणूस...”

पुढचं हातोड्यांनी गिळलं. आमच्या तांबट आळीत हे रोजचंच. सगळे ओरडून बोलतात आणि समोरच्याच्या ओठांकडे बघतात.

अर्धी बातमी माझ्या पोटात राहत नाही. घरातलं पोचा आलेलं पातेलं शोधलं नि गेले शेजारी.

आबा कर्डे ऐरणीपाशी बसले होते. समोर त्यांचा पट्टशिष्य हेरंब, घुश्शात. दारापाशी एक नवी मुलगी, प्रणिता, हातात केरसुणी. जन्मापासून ऐकू येत नाही तिला. आधीच्या कारखान्यात तिला केरच काढायला लावला; तांब्याचं काम शिकायचं म्हणून ती इथे आली होती.

“झाडू दे की खुशाल,” हेरंब म्हणाला. “पण हातोडा? आबा, भांडं बोलतं. चीर असली की बद्द वाजतं. हिला कसं कळायचं?”

“तुला कळतं?”

“माझ्यासारखा कान आहे का आळीत कुणाचा?”

“नाही बुवा.” आबांनी आमच्याकडे पाठ केली. “आता मला हाक मार.”

“आबा!”

...

“अहो आबा!”

...

मग मीही मारली. माझी हाक नाक्यावरच्या चहावाल्यापर्यंत जाते. तो डोकावला. आबा ढिम्म.

प्रणितानं केरसुणी खाली ठेवली. जमिनीवर पाय आपटला. धप्प.

आबा वळले. “काय गं?”

हेरंब त्यांच्यासमोर जाऊन बसला. “कधीपासून, आबा?”

“तू यायच्या आधीपासून. जन्म गेला ठोकण्यात. कान काय कायमचे टिकतात होय?”

“मग माझी भांडी... ती कशी पारखलीत?”

आबांनी त्याचा तळवा नव्या घागरीच्या पोटावर टेकवला. वरून टिचकी मारली.

हेरंब बराच वेळ हात काढेना.

मी पातेलं खाली ठेवलं. “आबा, म्हणजे मी इतकी वर्षं आळीतलं जे जे सांगत होते...”

“सगळं पोचलं, वहिनी. तुमचे ओठ वाचायला सोपे. थांबतच नाहीत.”

प्रणिता फिस्सकन हसली. तिनंही वाचलं होतं तर.

बातमी निम्मी खरी निघाली. दुकानात बहिरं माणूस होतं खरं. ‘आता’ तेवढं खोटं.

हेरंब उठला. आपलं बसायचं पोतं सरकवून त्यानं प्रणिताला जागा केली. आबांनी तिच्या हातात हातोडा दिला. पहिलाच घाव वाकडा पडला. तिनं जीभ चावली नि दुसरा घातला.

हेरंब डोकं खाजवत राहिला. मग आबांच्या समोर येऊन, तोंड नीट उघडून म्हणाला, “पण हिला शिकवणार कसं? तुम्ही सांगाल ते हिला ऐकू यायचं नाही. ही विचारेल ते तुम्हाला ऐकू यायचं नाही.”

आबांनी त्याचे ओठ वाचले नि पुन्हा तिच्या मनगटाकडे बघितलं.

“म्हणून तर लवकर शिकेल. ती माझे हात बघेल, मी तिचे.”