कोन्यतोची तर

खाडीच्या या काठावर होडीने पार जायची जागा, म्हणजे तर, आहे; तिला कोन्यतोची तर म्हणतात. कोन्यतो हा कुठला देव, असं पाहुणे विचारतात. तेव्हा होडीवाले सावळारामकाका सांगतात, "देव नाय तो. माणूस."

फार पूर्वी ही तर धाकू तांडेल चालवायचा. त्याचा मुलगा तापाने जायला टेकला होता. पोर वाचलं तर जिभेवर खोटं येऊ देणार नाही, असा नवस त्याने देवीला केला, असे सांगतात. पोर वाचलं, आणि धाकूच्या खरेपणाची आण गावोगाव घेतली जाऊ लागली.

एका दुपारी गावापलीकडच्या गढीवरून एक गोलंदाज पळत आला. गावावर तोफ डागायचा हुकूम त्याने मोडला होता, म्हणे. धाकूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. होडी लोटताना त्याने सहज विचारलं, "नाव काय तुझा?"

"इन्कॉन्यितो."

"कोन्यतो? बारशाक आते भैरी होती काय तुझी?"

तो हसला आणि उडी मारून होडीत बसला.

धाकू त्याला पार सोडून परतला, तोच गढीचे शिपाई आले. धाकूचा हात देवीच्या पायरीवर ठेवून त्यांनी विचारलं, "पार कोण गेलं? नाव सांग." पोराच्या जिवाची आण होती; धाकूला आठवलं तेच त्याने सांगितलं, "कोन्यतो." शिपाई शोधत होते ते नाव वेगळंच होतं. धाकू खोटं बोलत नाही हे तेही जाणून होते. ते माघारी वळले.

पुष्कळ वर्षांनी तो गोलंदाज परतला. म्हणाला, "तांडेलांनू, त्या दिवशी मी सांगितलंय ता नाव न्हयच. आमचो तोफेचो उस्ताद इटलीचो. त्यांच्यात मोठी माणसां नाव लपवून फिरतत, तेव्हा असा म्हणतत. अर्थ, न ओळखलेला."

धाकूच्या हातातलं वल्हं थांबलं. आपण शपथेवर खोटं बोललो? काठावर त्याचा मुलगा जाळं सुकवत होता, धडधाकट. धाकूने त्याला निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तर मग खराच बोललंय. तुका खंय ओळखत होतंय मी?"

"माझा खरा नाव..."

धाकूने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नको! उद्या कोणी इचारल्यान तर माका सांगूचा लागतला."

आजही या तरीवर गाव विचारतात, घरची खुशाली विचारतात; नाव मात्र विचारत नाहीत. कुणी आपणहून सांगू लागलंच, तर होडीवाला वल्हं पाण्यावर जोरात आपटतो.