ट्यूनरचा हिरवा दिवा

अगं, ऐक ना काय झालं! रानात नुकताच चार्जर पोचला होता, तेव्हाची गोष्ट. सूर मोजणारा ट्यूनर गाण्याच्या स्पर्धेचा परीक्षक झाला. काय तोरा त्याचा! "मी सप्तकाचे त्रेपन्न भाग करतो. सूर भागावर बसला तर हिरवा दिवा, नाहीतर बाद!"

दयाळ पक्षी गायला. त्याचा कोमल गंधार तेराव्या आणि चौदाव्या भागाच्या मधेच तरंगत राहिला. ऐकता ऐकता खारीच्या हातातला दाणा पडला, पण दिवा काही लागेना.

"बाद का हो, ट्यूनरदादा?" दयाळ रडवेला झाला.

सूर ट्यूनरलाही आवडला होता, पण इतका बारीक भाग त्याच्याकडे नव्हताच. शेवटी तो म्हणाला, "चूक तुझी नाही रे, माझ्या मोजमापाची आहे. तू जिंकलास!" आणि परीक्षकाची फांदी सोडून तो खाली, ऐकणाऱ्यांत जाऊन बसला.

तू त्याच्या जागी असतीस, तर काय केलं असतंस गं?