रंगाऱ्याची सुटी

नदीच्या वळणावर वसलेल्या एका नगरात तुळाजी नावाचा रंगारी राहत होता. त्याने रंगवलेलं कापड दहा धुण्यांनंतरही फिकं पडत नसे. राजवाड्यातले सणावाराचे कपडे त्याच्या आजोबांपासून त्यांच्याच घरी रंगायला येत.

त्या नगरात एक जुनी रीत होती. शनिवारी दुपारी सगळ्या भट्ट्या विझवायच्या, हातमाग थांबवायचे, दुकानांच्या फळ्या लावायच्या. मग लोक भाकऱ्या बांधून घेत आणि नदीकाठच्या कुरणात जात. काही जण रविवारी संध्याकाळपर्यंत तिथंच रमत. सोमवारी सकाळी पुन्हा भट्ट्या पेटत.

तुळाजी मात्र जात नसे. "लोक पाण्यात डुंबतात तेवढ्या वेळात माझ्या दोन कढया जास्त निघतात," असं तो म्हणे. त्याची बायको ठकू आणि आठ वर्षांची मुलगी बकुळा दोघीच जायच्या. परत यायच्या तेव्हा त्यांच्या केसांत गवताच्या काड्या असायच्या, आणि तुळाजीचे डोळे धुराने लाल झालेले असायचे.

एकदा राजकन्येचं लग्न ठरलं. राणीने तुळाजीला बोलावून घेतलं.

"वऱ्हाडासाठी चाळीस फेटे हवेत," राणी म्हणाली. "रंग खाचरातल्या कोवळ्या भातासारखा. चाळीसही फेटे एकसारखे दिसले पाहिजेत."

"त्यात काय अवघड, राणीसाहेब," तुळाजी म्हणाला.

हिरवा रंग करायचा म्हणजे कापड आधी निळीत बुडवायचं आणि मग डाळिंबाच्या सालीच्या पिवळ्या काढ्यात. हे तो झोपेतही करू शकला असता. त्याने पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत काम केलं. रविवारीही भट्टी चालू ठेवली. फेटे वाड्यावर गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले.

"हा शेवाळाचा रंग झाला," ते घेऊन आलेली राणीची दासी म्हणाली. "राणीसाहेबांना भाताचा हवा होता."

तुळाजीला राग आला. वाड्यातून नवं कापड आलं. त्याने पुन्हा आठवडाभर रात्रीचा दिवस केला. जेवताना त्याचं लक्ष नसे. बकुळाचा धक्का लागून पाण्याचा तांब्या सांडला, तर तो तिच्यावर इतका ओरडला की ती दिवसभर त्याच्या जवळ आली नाही. तो रविवारही धुरातच गेला.

फेटे पुन्हा परत आले. काही भातासारखे होते, काही कारल्यासारखे, काही नुसतेच पिवळट.

या वेळी दासी म्हणाली, "आता शेवटचं कापड उरलंय. गुरुवारपर्यंत जमलं नाही, तर काम शेजारच्या नगरातल्या रंगाऱ्याकडे जाईल. पुढची सगळी कामंही त्याच्याकडेच जातील, असा निरोप आहे."

तो शनिवार होता. बाहेर रस्त्याने गाड्या नदीकडे चालल्या होत्या. कुणीतरी ढोलकी वाजवत होतं. तुळाजीने भट्टीत लाकडं सारली.

"अहो, चला ना आमच्याबरोबर," ठकू म्हणाली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? घरावर ही वेळ आलीय, आणि मी नदीवर जाऊन बसू?"

परत आलेल्या फेट्यांतले दोन उचलून ठकूने अंगणातल्या दोरीवर शेजारी शेजारी टाकले. "यातला जास्त हिरवा कोणता?" तिने विचारलं.

तुळाजी बघत राहिला. डोळे चोळून त्याने पुन्हा पाहिलं. "दोन्ही सारखेच आहेत," तो म्हणाला.

बकुळा दारातून हळूच म्हणाली, "नाही बाबा. हा पोपटासारखा आहे आणि तो भोपळ्याच्या वेलासारखा."

हात कापला असता तरी तुळाजी एवढा घाबरला नसता. तो भट्टीजवळ बसला. लाकडं धुमसत होती. शेवटचं कापड बाजूला घडी करून ठेवलेलं होतं. गुरुवारला पाच दिवस होते, आणि त्यातले दोन कुरणात घालवायचे म्हणजे उरणार तीन. मग उठला आणि त्याने भट्टीवर घागरभर पाणी ओतलं.

"चला," तो म्हणाला.

पहिला तासभर त्याला काही सुचेना. तो उगीच उठायचा, बसायचा, नगराकडे बघायचा. ठकूने त्याच्या हातात भाकरी आणि लसणाची चटणी दिली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच चटणी त्याला तिखट लागली. त्याने आणखी मागून घेतली. मग करंजाच्या सावलीत तो जरा आडवा झाला आणि असा झोपला, की बाजूला पोरांनी सूरपारंब्यांचा गोंधळ घातला तरी त्याला जाग आली नाही.

उठला तेव्हा उन्हं कलली होती. बकुळा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. जवळ यावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. तुळाजीने अंगरखा काढला आणि धावत जाऊन पाण्यात उडी घेतली. त्या उडीने उडालेलं पाणी थेट काठावर बसलेल्या ठकूच्या अंगावर गेलं. ठकू आधी रागावली आणि मग हसत सुटली. बकुळा येऊन बापाच्या गळ्यात पडली.

ती रात्र त्यांनी ठकूच्या भावाच्या मळ्यात काढली. रविवारी तुळाजी खेकडे शोधत फिरला, त्याने पोरांबरोबर चिखलाचे बैल केले, विणकरांशी पोहण्याची शर्यत लावली आणि हरला. भट्टीची आठवण त्याला संध्याकाळपर्यंत झाली नाही. परत येताना वाटेत तो मध्येच थांबला. पलीकडच्या काठावर दरड कोसळली होती आणि आतली माती दिसत होती. ती तांबडी होती, मग केशरी, मग हळदीसारखी, आणि तळाशी जरा जांभळट.

"किती रंग आहेत गं त्या मातीत," तो म्हणाला.

"ती गेल्या वर्षीच कोसळलीय," ठकू म्हणाली.

सोमवारी सकाळी त्याने अंगणात पाऊल टाकलं. दोरीवर ते दोन फेटे तसेच होते. एक पोपटी आणि एक भोपळ्याच्या वेलासारखा. ते दुरूनच वेगळे दिसत होते. चूकही त्याला लगेच कळली. निळीत तो कापड कधी फार वेळ ठेवत होता, कधी फारच कमी, आणि ते कधी काढायचं हे त्याच्या थकलेल्या डोळ्यांना समजत नव्हतं. त्याने भट्टी पेटवली. या वेळी कापड निळीत बुडवून हवी ती छटा दिसताच वर काढलं. बुधवारी दुपारीच चाळीस फेटे वाळत पडले, आणि अंगणात भाताचं खाचर डोलतंय असं वाटू लागलं.

राणीने फेटे उन्हात धरून पाहिले. ती फार खूश झाली.

"आता करवल्यांच्या ओढण्याही तूच रंगव," ती म्हणाली. "अबोली रंगाच्या. सोमवारी सकाळी हव्यात."

दासीने त्याच्याकडे पाहिलं. राणीला नाही म्हणायची तिथं रीत नव्हती.

तुळाजीने हात जोडले. "मंगळवारी संध्याकाळी देतो, राणीसाहेब. शनिवार-रविवार मी नदीवर असतो."

"नदीवर? असं काय काम असतं तिथं?"

तुळाजीने थोडा विचार केला. "काहीच नसतं," तो म्हणाला. "म्हणूनच जातो."

लग्नाच्या याद्या, पाहुण्यांचे मानपान आणि रुसवेफुगवे यांत राणीलाही कित्येक रात्री नीट झोप लागली नव्हती. तिने विचारलं, "किती लांब आहे हे कुरण?"

त्या रविवारी नदीकाठी एक पालखी येऊन थांबली. राणी आणि राजकन्या खाली उतरल्या. दोघींनी पायातल्या मोजड्या काढल्या आणि गवतातून चालत पाण्याकडे गेल्या. कुणी उठून मुजरा करायला लागलं, तर राणीने हातानेच त्याला खाली बसवलं. ठकूने दोघींना भाकरी आणि लसणाची चटणी वाढली.

ओढण्या मंगळवारी संध्याकाळी मिळाल्या. उशीर झाला असं कुणीच म्हटलं नाही.

तात्पर्य: मोकळ्या आभाळाखाली मजेत घालवलेला दिवस कामातून वजा होत नाही. पुढचं काम त्याच्याच जोरावर नीट होतं.