सहाशे पाच आणि चार किलोमीटर

विषय : अनुग्रह मिळण्याबाबत.
अर्जदार : प्रभंजन देवस्थळे, पुणे, विमानतिकिटांच्या कचेरीत व्यवस्थापक.
संदर्भ : मठाची मिठाची अट.

अट जुनी होती. ज्या घराशी बोलणं तुटलं असेल, त्या घरचं मूठभर मीठ मागून आणायचं. ते मठाच्या आमटीत पडायचं, सगळ्या पंगतीनं ती आमटी खायची, आणि मग अनुग्रह.

“...म्हणजे पुण्याहून नागपूर लांब किती?” मठाधिपती आत्मारामबुवांनी विचारलं.

देवस्थळे खुलले. “हवेतून सहाशे पाच किलोमीटर. एक तास पंचवीस मिनिटं. वारा पाठीशी असला तर पाच मिनिटं कमी.” कोल्हापूर-हैदराबादही त्यांच्या जिभेवर होतं, पण कोणी विचारलं नाही.

“एवढं जवळ?”

“हल्ली लांब असं काही उरलंच नाही, बुवा.”

“तिथं कोण असतं?”

“थोरली बहीण. माईताई.”

“बोलणं कधीपासून नाही?”

“भाऊजी गेले तेव्हापासून. नऊ वर्षं झाली.” देवस्थळ्यांचा आवाज जरा उतरला. “फोनवर म्हणालो होतो, दीड तासाचा तर प्रवास, केव्हाही येईन. त्या आठवड्यात जमलं नाही. पुढच्याही. मग...”

“मग?”

“मग कोणत्या तोंडानं जायचं?”

“आता गेलात ना?”

“काल. सकाळच्या विमानानं गेलो, संध्याकाळच्या विमानानं परत.”

“मीठ?”

देवस्थळ्यांनी खिशातून कागदाची इवलीशी पुडी काढून पुढे ठेवली. बुवांनी ती डोळ्यांपासून लांब धरून पाहिली आणि मुदपाकखान्याच्या अंबूताईंकडे दिली.

अंबूताईंनी ती उलटी केली. मागे निळ्या शाईत विमान छापलेलं होतं.

“अगंबाई! तुमच्या माईताईंकडं मीठसुद्धा उडत येतं होय?”

देवस्थळ्यांचे कान तापले. खोटं बोलायचं त्यांनी परतीच्या विमानात ठरवलं होतं, पण पुडीची मागची बाजू पाहायची राहून गेली होती. एवढ्या हुशार माणसाला हे शोभलं नाही.

“विमानतळाच्या बाहेर आलो होतो, बुवा,” ते हळूच म्हणाले. “रिक्षावाला मागं लागला होता. पण मी बाकावर बसून राहिलो... दिवसभर.”

“ताईंचं घर कुठं?”

“खामल्याला.”

“विमानतळापासून किती?”

“चार किलोमीटर.”

“वेळ किती लागतो?”

देशातली सगळी वेळापत्रकं तोंडपाठ असलेला माणूस जमिनीवरच्या फरशा मोजत राहिला.

बुवांनी पुडी परत घेऊन अर्जाला टाचणीनं टोचून ठेवली. “अंबूताई, यांचंही पान मांडा. आणि आमटी आज अळणीच वाढा.”

“यांना?”

“सगळ्यांना.”

चाळीस पानांची पंगत बसली. देवस्थळे शेवटच्या पानावर. पहिला भुरका झाला आणि एकेक हात थांबत गेला. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पान टाकून उठायची त्यांना सोय नव्हती.

शेवटी एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं हाक दिली, “बुवा, मीठ कुठंय हो?”

“निघालंय,” बुवा म्हणाले. “चार किलोमीटर राहिलंय.”

अर्ज प्रलंबित आहे.