खुंटीवरची कुऱ्हाड

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव त्याच्या वंशजांनाही आता आठवत नाही. त्या राजाच्या राज्याच्या टोकाला, डोंगराच्या माचीवर, एक वाडी होती. वाडीतली सगळी पुरुषमाणसं राजाची पाईक. खिंडीत शिंग वाजलं की भाला उचलायचा आणि निघायचं. लढाई कुणाशी आणि कशासाठी, हे विचारायची पद्धत नव्हती.

दुसरी एक पद्धत मात्र होती. निघताना प्रत्येकाने आपली कुऱ्हाड, कोयता, विळा घासूनपुसून खुंटीला टांगायचा. त्याला हळदकुंकू लावायचं. माणूस परत येईपर्यंत त्या हत्याराला घरातल्या कुणी बोट लावायचं नाही. लावलं, तर माणूस परत येत नाही.

असं कोण म्हणालं? वाडीतले म्हातारे. त्यांना कुणी सांगितलं? त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्यांनी. कधीतरी कुणाच्या तरी बायकोने नवऱ्याच्या कुऱ्हाडीने लाकूड फोडलं आणि तिकडे तो लढाईत पडला. हत्यारं खुंटीला असताना जे पडले, त्यांची गणती कुणी केली नाही. जे बाईवर ढकलता येत नाही, ते म्हाताऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

गोष्टींतली म्हातारी माणसं शहाणी असतात, असं तुम्ही ऐकलं असेल. या गोष्टीतली तशी नव्हती. आधीच सांगून ठेवतो.

तर त्या वाडीत सगुणा नावाची एक पाईकाची बायको राहायची. एक मुलगी, तिच्या पाठचा मुलगा आणि सासरा, एवढं तिचं घर. सासरा म्हणजे वाडीचा नाईक. तरुणपणी त्याने एक लढाई मारली होती आणि उरलेलं आयुष्य ती लढाई सांगण्यात चाललं होतं.

एरवी पाईक सुगीनंतर जात आणि होळीच्या आत परत येत. आल्या आल्या पहिलं काम ठरलेलं असे. वाडीभोवतीचं वाळलेलं गवत कापायचं, झुडपं तोडायची, जमीन खरवडून रुंद उघडा पट्टा काढायचा. डोंगराला वणवा लागला की तो या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरे.

पण त्या खेपेला माणसं गेली ती गेलीच. एक होळी झाली, पट्टा निघाला नाही. नशिबाने वणवा पलीकडच्या डोंगरावरून गेला. दुसरी होळी आली. गवत कुडाच्या भिंतींना येऊन टेकलं.

सगुणा दिवसभर राबायची आणि खिंडीकडे बघायची. नवऱ्याच्या घोंगडीतला त्याचा वास पहिल्याच पावसाळ्यात गेला होता. कधीकधी त्याचा आवाज नीट आठवत नसे, तेव्हा ती मनातून घाबरायची. उरली होती ती कुऱ्हाड. तिच्या दांड्यावर त्याच्या मुठीचा काळपट, गुळगुळीत ठसा होता, कैक वर्षांचा घाम जिरून झालेला. पात्याची एका टोकाला खपली उडालेली होती, त्यामुळे घाव बसला की शेवटी बारीकसं ‘किण्ण’ वाजायचं. तो लाकूड फोडतोय हे वाडीला न बघता कळायचं.

चुलीपुढे बसलं की तो ठसा समोर दिसे. हात लांब केला तर पोचेल इतका जवळ. आणि हात लांब करायची मनाई.

एके सकाळी ती पारावर सासऱ्यापुढे उभी राहिली.

“मामंजी, गवत भिंतीला लागलंय. पट्टा काढायला हवा.”

“काढतील की. आले म्हणजे काढतील.”

“आणि वणवा आधी आला तर?”

“वणव्याला काय तू आवतण धाडलंयस?” नाईक म्हणाला, आणि पारावरचे बाकीचे म्हातारे दात नसलेल्या तोंडांनी हसले.

“आणि ते आलेच नाहीत तर?”

हसणं थांबलं. नाईकाचा आवाज खाली आला. “तुझ्या जिभेला काही हाड? कपाळाचं कुंकू जड झालंय का?”

सगुणा माघारी वळली. तिला राग आला नाही, भीती वाटली. म्हाताऱ्यांचं म्हणणं खरं असलं तर?

दुपारी ती सरपणाच्या काटक्या वेचायला घरामागच्या कातळावर गेली. तिचं घर वाडीच्या शेवटाला, उघड्या कातळाला लागूनच होतं. तिथे एक टिटवी अंगावर धावून आली.

“टिटीव टिव! पाय बघून टाक, बाई! अंडी आहेत!”

सगुणा जागीच थबकली. पायाशी चार अंडी होती, खड्यांत खड्यांसारखी दिसणारी. ना गवत, ना काडी, ना पिसाचा तुकडा.

“अगं, हे काय घर म्हणायचं?” सगुणा म्हणाली.

“का? तुझ्यासारखं गवताचं बांधू?” टिटवीने मान वाकडी केली. “दरसाल या डोंगरावर वणवा फिरतो. सुगरणीचा खोपा जळतो, होल्याचं घरटं जळतं. माझ्या अंड्यांपर्यंत तो येतच नाही. इथे त्याला खायला काय आहे?”

“आमच्यात म्हणतात, टिटवी ओरडली की वाईट होतं.”

“मी वाईट बघते म्हणून ओरडते. तुमचे म्हातारे बघतच नाहीत, म्हणून गोड बोलतात.”

“तुझा नर कुठे आहे?”

“चरायला गेलाय. यायला हवा होता.” टिटवी क्षणभर आभाळाकडे बघत राहिली. “आला तर इथेच येईल. म्हणून तर ही जागा राखायची.”

सगुणा घरी आली. सासरा पारावर होता, पोरं ओढ्यावर. तिने खुंटीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर कुऱ्हाड तिने काम करायला उतरवली नाही. नुसती धरायला उतरवली. नवऱ्याच्या ठशावर तिने आपली मूठ ठेवली. तिची मूठ त्या ठशात मावून वर जागा उरली. ती तशीच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली.

रडून झाल्यावर तिचं लक्ष पात्याकडे गेलं. हळदकुंकवाखाली पातं गंजून लाल झालं होतं. तिने ते दगडावर घासलं आणि घरामागच्या वाळक्या करवंदीवर पहिला घाव घातला.

किण्ण.

वाडीत सगळीकडे ऐकू गेलं. सगळ्यात आधी धावला तो नाईक. काठी पारावरच विसरला. त्याच्यामागे बायका, पोरं. “आला! माझा आला!” असं ओरडत म्हातारा घराला वळसा घालून आला आणि सुनेच्या हातात कुऱ्हाड बघून जागच्या जागी विझला.

मग म्हाताऱ्याचा आवाज फुटला.

“मारलास! माझा लेक मारलास तू!”

त्याला दुःख झालं होतं, हे मला समजतं. पण स्वतःचं दुःख दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा परवाना वयाबरोबर मिळतो, हे मला समजत नाही.

त्या दिवसापासून सगुणाला कुणी चुलीसाठी विस्तव देईना. नाईक शेजारच्या ठकूच्या ओसरीवर राहायला गेला. ठकू सगुणाची जिवाभावाची मैत्रीण, तिचाही नवरा लढाईवर. पाणवठ्यावर ती म्हणाली, “कशी गं तू? मला तर त्यांच्या विळ्याकडे बघायलाही भीती वाटते.”

“मला काय वाटत नाही?” सगुणा म्हणाली.

वाटत होती. प्रत्येक घाव तिकडे कुठेतरी त्याच्या अंगावर पडतोय, असं तिला वाटायचं. तरी ती घाव घालत राहिली. घराभोवती, गोठ्याभोवती, थेट कातळापर्यंत तिने उघडा पट्टा काढला. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. पेव उकरून धान्य जमिनीखाली ठेवलं. शेळ्यांच्या गळ्यातल्या गाठी सोडून सरगाठी बांधल्या, एका हिसक्यात सुटतील अशा. दाराशी पाण्याने भरलेले रांजण आणि हिरव्या डहाळ्यांचा ढीग.

आणि रोज संध्याकाळी पोरांचा खेळ. ती ओरडायची, “वणवा आला!” मुलगी शेळ्या सोडून कातळाकडे पळायची. मुलगा घोंगडी रांजणात बुचकळायचा, त्या नादात स्वतःच भिजायचा, आणि तिघंही हसायची. पारावरचे म्हातारे कानांवर हात ठेवायचे. “हाका मारून बोलावतेय,” ते म्हणायचे.

एका रात्री मुलीने विचारलं, “आई, बाबा येतील ना?”

सगुणा म्हणाली, “मला माहीत नाही. आले तर त्यांना भाकरी मिळेल, एवढं माहीत आहे.”

चैत्रात, वारा सुटलेल्या एका दुपारी, टिटवी ओरडायला लागली ती थांबेना. सगुणाने वर पाहिलं. डोंगराचा माथा धुराने झाकला होता आणि खाली गवतातून आग पाण्यासारखी उतरत होती.

“वणवा आला!” ती ओरडली. यावेळी पोरं हसली नाहीत. पण हात तेच होते आणि काम तेच. शेळ्या सुटल्या. घोंगडी भिजून छपरावर गेली.

वाडीत आकांत माजला. ठकूने घरात धावत जाऊन खुंटीवरच्या विळ्याला हात घातला, तोच ओसरीवरून नाईक कडाडला, “हात लावू नकोस! नवऱ्यावर उठलीस काय?” ठकूचा हात थांबला. तेवढ्यात तिचं छप्पर पेटलं.

“कातळावर या!” सगुणा पट्ट्यावरून ओरडत होती. “सगळं टाका आणि या!”

सगळे आले. जिला कुणी विस्तव दिला नव्हता, तिच्या दारात वाडी विस्तवापासून लपायला आली. नाईक मात्र येईना. तो ठकूच्या दारात उभा राहून आतल्या हत्यारांकडे बघत होता. सगुणा धुरात शिरली आणि सासऱ्याला दंडाला धरून ओढत घेऊन आली.

आग पट्ट्यापाशी आली. इकडे तिकडे तोंड खुपसलं. ठिणग्या उडाल्या, त्या पोरांनी डहाळ्यांनी झोडपल्या. खायला काही नव्हतं. आग निघून गेली.

संध्याकाळी वाडीत एक घर उभं होतं. बाकी राख. राखेत कुऱ्हाडी, कोयते, विळे पडले होते. दांडे जळाले, नुसतं लोखंड उरलेलं. हळदकुंकू कुठे गेलं कुणाला दिसलं नाही.

नाईकाने माफी मागितली नाही. म्हाताऱ्यांना ते कुणी शिकवलेलं नसतं. तो राखेतून एक कोयता उचलून म्हणाला, “आता यांना दांडे कोण घालणार?”

“ज्यांना हात आहेत ते,” सगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बायका कामाला लागल्या. पेवातलं धान्य सगळ्यांना पुरवून खायचं ठरलं. घरांसाठी लाकूड तोडायचं होतं. सगुणाची कुऱ्हाड सकाळपासून वाजत होती. किण्ण. किण्ण.

असेच काही दिवस गेले. एका सकाळी खिंडीतून एक माणूस लंगडत आला. दाढी वाढलेली, अंगावर चिंध्या. पोरांनी ओळखलं नाही. नाईकाने ओळखलं.

सगुणा कुऱ्हाड घेऊन तशीच उभी राहिली.

“खिंडीतून बघितलं,” नवरा म्हणाला, “तर सगळा डोंगर काळा. म्हटलं, संपलं. आता जायचं कुणाकडे? मागे फिरलो होतो मी.”

“मग?”

“मग माझी कुऱ्हाड ऐकली.”

त्याने ती तिच्या हातातून घेतली. मूठ आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. दांड्यावर आता लहान मुठीचा ठसा होता.

“माझी खूण गेली की गं.”

“गेली,” सगुणा म्हणाली. “रोज थोडी थोडी जाताना बघत होते. रोज जिवाला लागत होतं. पण घाव थांबवला नाही.”

पुढे आणखी काही पाईक परत आले, काही आले नाहीत. खुंटीवरची हत्यारं तर आलेल्यांची आणि न आलेल्यांची, दोघांचीही जळाली होती. ठकूचा नवरा अजून आलेला नाही. ती पट्ट्यावरचं गवत कापते, मधेच कमरेवर हात ठेवून खिंडीकडे बघते, आणि पुन्हा खाली वाकते. तिच्या विळ्याला आता तिच्या मुठीएवढा दांडा आहे.

सांगायचं एवढंच: ज्याची वाट बघायची, त्याला परत यायला घर राखून ठेवणं, याचंच नाव वाट बघणं.