अर्ध्यावरचा दिवा

कृष्णेच्या काठी एका गावात पेवाच्या तोंडावर बसणारा एक माणूस होता. त्याचं नाव दौलू.

आता पेव म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना आधी सांगायला हवं. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा. तोंड अरुंद ठेवायचं आणि पोट चांगलं ऐसपैस. त्यात जोंधळा भरायचा, वर दगड ठेवायचा आणि मातीने लिंपून टाकायचं. आत ना उंदीर, ना कीड, ना चोर. धान्य वर्षानुवर्षं टिकतं. पण एक खोड आहे. थोडं धान्य काढून पेव पुन्हा झाकलं, की रिकाम्या जागेत हवा कोंडते आणि विषारी होते. ती दिसत नाही, तिला वास नाही. आत उतरलेल्या माणसाला ती हाक मारायलाही वेळ देत नाही.

म्हणून गावाची रीत ठरलेली होती. आदल्या दिवशी दगड काढून तोंड उघडं ठेवायचं. सकाळी दोरीला पेटता दिवा बांधून तळापर्यंत सोडायचा. विझला तर थांबायचं. जळत राहिला, तर तोंडावरच्या माणसाने म्हणायचं, "उतर." मग कमरेला दोर बांधून दुसरा माणूस आत उतरायचा. वरच्याने हाक द्यायची, खालच्याने ओ द्यायची. ओ आली नाही की दोर ओढायचा. तोंडावरच्याने 'उतर' म्हटल्याशिवाय, खुद्द पाटलांनी सांगितलं तरी, कुणी आत पाय घालत नसे.

तोंडावर बसायचा मान दौलूच्या घराण्याचा होता. आत उतरायचा तो त्याचा जिवाभावाचा दोस्त सातापा. दोघे लहानपणापासून एका ताटात जेवलेले. एकाला ठेच लागली तर दुसरा लंगडायचा, असं गाव म्हणायचं.

एकदा काय झालं, पेव उघडलं आणि आभाळ भरून आलं. गाड्या जुंपून उभ्या होत्या. गाडीवाल्यांनी गलका केला, "आटपा, आटपा! पाऊस आला तर जोंधळा भिजंल!" दौलूची धांदल उडाली. त्याने दिवा सोडला, पण अर्ध्यापर्यंतच. तिथे दिवा छान जळत होता.

"उतर," दौलू म्हणाला.

सातापा उतरला. दौलूने हाक दिली. ओ आली. दौलूने दुसरी हाक दिली. ओ आली नाही.

विषारी हवा तळाशी बसते, हे त्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मग दौलूला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण घाई माणसाला शहाणपण विसरायला लावते, त्याला कोण काय करणार?

सातापाला ओढून बाहेर काढलं. आयुष्याची दोरी बळकट, म्हणून वाचला. पण त्याचा उजवा हात थरथरू लागला तो कायमचा. भाकरीचा घास तोंडापर्यंत न्यायचा तर दुसऱ्या हाताने आधार द्यावा लागे. पेवात उतरायचं काम सुटलं. घरी बसून तो डाव्या हाताने होईल तेवढं काम करू लागला. उठून बसता झाला त्या दिवशीच तो दौलूला म्हणाला, "जाऊ दे लेका. जीव वाचला न्हवं? झालं गेलं गंगेला मिळालं."

दौलूने मान हलवली आणि तो घरी गेला. त्यानंतर तो सातापाच्या दारात पुन्हा गेला नाही.

त्याला वाईट वाटत नव्हतं, असं का तुम्हाला वाटतं? अहो, वाईट वाटून वाटून तर तो अर्धा झाला होता. त्या कापऱ्या हाताकडे बघायचं कसं, हाच त्याला घोर. सातापाचं घर ज्या बोळात होतं तो बोळच त्याने सोडला. नदीवर जायला लांबची वाट धरली. मात्र दर बाजाराला भल्या पहाटे सातापाच्या उंबऱ्यावर जोंधळ्याची पाटी ठेवायचा आणि चोरासारखा पळून यायचा. स्वतःच्या घरी कण्या शिजवून खायचा.

एकदा सातापाच्या बायकोने, गंगाक्काने, त्याला दारातच गाठलं. ती म्हणाली, "भावजी, आम्हांला जोंधळा नको. माणूस पायजे. हे रोज दाराकडं बघत बसत्यात."

पाटी तिथेच टाकून दौलू निघून गेला.

इकडे पेवाच्या तोंडावरही त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दिवा तळापर्यंत सोडायचा, वर घ्यायचा, पुन्हा सोडायचा. दिवा जळतोय हे डोळ्यांना दिसायचं, पण मनाला पटायचं नाही. मग वात बदल, तेल बदल, दोरी चाचपून बघ. तोवर ऊन डोक्यावर येई. 'उतर' हा एवढासा शब्द त्याच्या घशात अडकून बसे. कसाबसा तो बाहेर पडला आणि माणूस आत गेला, की हाकांचा सपाटा सुरू. खालचा माणूस वैतागून ओरडे, "ओ देऊ का जोंधळा भरू?"

सातापाच्या जागी आता इराप्पा नावाचा तरणा गडी उतरत असे. गडी कामाला वाघ, पण तंबाखूचा नाद. एकदा तो तंबाखू तोंडात धरूनच खाली उतरला. वरून हाक आली. आता बोलायचं तर थुंकायला हवं, आणि गावाच्या धान्यात थुंकायचं कसं? बिचारा तोंड मिटून घुटमळला. तेवढ्यात दौलूच्या काळजाचं पाणी झालं. त्याने जीव खाऊन दोर ओढला. इराप्पा पेवाच्या तोंडाशी दगडांवर घासत वर आला, कोपर सोलवटलं. तो जिवंत आहे हे बघताच दौलूने त्याच्या कानाखाली काढली.

"माझ्या पेवावर पुन्हा पाय ठेवायचा न्हाय!" तो ओरडला.

दुसऱ्या दिवशी इराप्पा हात जोडून दारात आला. "तात्या, चुकलो. तंबाखू सोडतो. पर कामावरनं काढू नका."

"चुकीला माफी न्हाय," दौलू म्हणाला. "मला कुणी दिली?"

ऐका त्याचं! मला कुणी दिली म्हणे. सातापाने उठून बसल्या दिवशीच दिली होती की! देणाऱ्याने दिली होती, यानेच पदर पसरला नव्हता. आणि ज्याने स्वतः घेतली नाही, तो दुसऱ्याला कुठून देणार? इराप्पा खाली मान घालून गेला. त्या दिवसापासून दौलूच्या दोराला दुसरं कुणीही कमर लावीना. पेव अर्धं भरलेलं होतं, ते तसंच लिंपून पडलं.

पुढच्या साली पावसाने ओढ दिली. पेरण्या खोळंबल्या. घराघरांतल्या कणग्यांचे तळ दिसू लागले. बाया एका भाकरीचे चार तुकडे करून पोरांना वाटू लागल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, धान्य आहे, पायाखालीच आहे. पण ते काढायचं कुणी?

पाटील दौलूच्या घरी आले. "दौलू, उद्या पेव उघडायचं. लेकरांची तोंडं बघवत न्हाईत."

"पाटील, मला सोडा. कुणी दुसरा बसू दे तोंडावर."

"दुसऱ्या कुणाला ठावं हाय ते काम? शिकाऊ माणूस बसवून आणखी एक जीव घालवू म्हणतोस?"

दौलूला नाही म्हणता आलं नाही. त्याने दगड काढला. त्या दिवशी त्याला अन्न गेलं नाही. डोळे मिटले की त्याला एकच दिसे: आपण हाक मारतोय आणि खालून ओ येत नाही.

सकाळी अख्खं गाव पाट्या घेऊन पेवापाशी जमलं. दौलूने कडुनिंबाचा डहाळा दोराला बांधून पेवात खालीवर केला, आतली हवा हलवली. मग दिवा सोडला, पार तळापर्यंत. जळत होता. वर घेतला, पुन्हा सोडला. जळत होता. पण पुढे व्हायला कुणी तयार नव्हतं. इराप्पा मागे झाडाखाली उभा होता. एकमेकांकडे बघत माणसं पाय घासत होती.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सातापा आला. मागे गंगाक्का, तिच्या खांद्यावर दोर. सातापा पेवाच्या काठावर बसला आणि त्याने पाय आत सोडले.

"आज मी उतरणार," तो म्हणाला. "तोंडावर दौलू."

दौलूने त्याचा खांदा धरला. "तू न्हाय! कुणीबी उतरा, तू न्हाय!"

"मीच. त्या दिवसापासनं मला आडात वाकून बघायची भीती वाटती. ती घेऊन मी सरणावर जाणार न्हाय. एक पाटी भराय डावा हात बास हाय."

गंगाक्काने नवऱ्याच्या काखेखालून दोर घेतला, गाठ मारली आणि दुसरं टोक दौलूच्या हातात दिलं. गाठ तिने दोनदा ओढून पाहिली.

दौलूने पुन्हा दिवा वर घेतला, पुन्हा सोडला. घामाने त्याच्या हातातून दोरी निसटू लागली. ऊन वर चढत होतं. कुणाचं तरी पोर भुकेनं किरकिरत होतं.

"दिवा काय म्हणतो?" सातापाने विचारलं.

"जळतोय."

"तळाला टेकलाय?"

"टेकलाय."

"मग तू काय म्हणतोस?"

दौलू मटकन खाली बसला. "माझ्याच्यानं होत न्हाय रे. तुझा हात मी घालवला."

"व्हय, घालवलास," सातापा म्हणाला. त्याचा आवाज चढला. "दिवा अर्ध्यावर ठिवलास, ही तुझी एक चूक. ती मी तवाच सोडली. पर एवढे दिस माझ्या दारात आला न्हाईस, ही दुसरी. ती काही मला सोडवत न्हाय! हात गेल्याचं दुःख एकदाच झालं. तू न आल्याचं रोज होतंय."

दौलू हुंदके देऊन रडू लागला. एवढ्या लोकांसमोर, लहान पोरासारखा. सातापाने त्याला रडू दिलं.

"तुला वाटलं, मी माफ केलं ते वरवरचं," तो मग हळूच म्हणाला. "तितंबी दिवा अर्ध्यावरच ठिवलास न्हवं? तळापर्यंत सोडून बघायचा हुतास."

दौलूने उपरण्याने डोळे पुसले. दोर मनगटाला वेढून घेतला. तळाशी जळणाऱ्या दिव्याकडे त्याने एकदाच नीट पाहिलं.

"उतर," तो म्हणाला.

सातापा अंधारात दिसेनासा झाला. दौलूने हाक दिली, "सातापा!"

"ओ!"

आता दुसरी हाक. मागच्या वेळी जिला ओ आली नव्हती, ती. हाक द्यावी आणि उत्तर आलं नाही तर? त्यापेक्षा न दिलेली बरी, असं दौलूच्या मनाने घेतलं. गंगाक्का पदर तोंडाला लावून उभी होती. गावाने श्वास रोखून धरला.

आणि मग पेवातूनच आवाज आला, घुमत घुमत. "अरं दौल्या, हाक दे की! मी कवापासनं ओ द्यायला बसलोय!"

लोक हसले. गंगाक्का हसता हसता रडली. दौलूने छाती भरून हाक मारली, नदीपलीकडे जाईल एवढी.

"सातापा!"

"ओ!"

पहिली पाटी वर आली. जोंधळा मोत्यासारखा होता, वर्षभर कोंडूनही जसाच्या तसा. सातापा वर आला, त्याच्या दोरासकट दौलूने त्याला मिठी मारली. मग त्याने गर्दीवरून नजर फिरवली आणि झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली.

"इराप्पा! म्होरं ये. कानाखाली मारली तवा माझंच चुकलं. आता तू उतर. पर आधी ती तंबाखू थुंक!"

"तात्या, कवाच सोडली!" इराप्पा म्हणाला. आणि झाडाच्या बुंध्यामागे जाऊन हळूच थुंकून आला. दौलूने ते पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्या दिवशी गावात घरोघरी जात्यांची घरघर सुरू झाली. कामं आटोपून दौलू त्याच बोळातून सातापाच्या घरी गेला. गंगाक्काने काही न विचारता एकच ताट वाढलं. सातापाचा हात घासाकडे जाताना कापू लागला. दौलूने या वेळी नजर चोरली नाही. त्याने भाकरी मोडली, आमटीत कुस्करली, आणि पहिला घास दोस्ताच्या तोंडात दिला.

तात्पर्य: चूक झाकून ठेवली की तिची हवा विषारी होते. माफी नुसती मिळून भागत नाही, ती घ्यायचा धीरही हवा. जो स्वतःला क्षमा करत नाही, तो दुसऱ्यालाही करू शकत नाही. म्हणून आधी हाक द्या, ओ द्यायला कुणीतरी कधीचं बसलेलं असतं.